मोतीबिंदूचे ऑपरेशन : आधी काय पाहावे, नंतर काय सांभाळावे

आपल्या घरांत या आजाराला दोन भाषांत नावे आहेत. मराठीत मोतीबिंदू, उर्दूत मोतिया. पण उर्दूत मोतिया दोन प्रकारचा, सफेद मोतिया आणि काला मोतिया, आणि इथेच बऱ्याच घरांचा घोटाळा होतो. सफेद मोतिया म्हणजे मोतीबिंदू. काला मोतिया म्हणजे काचबिंदू, ज्यात डोळ्याच्या आतला दाब वाढून मागची नस खराब होते. मोतीबिंदूने अंधुक झालेली नजर ऑपरेशनने परत येऊ शकते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधाने किंवा ऑपरेशनने वाचवता येते. त्यामुळे घरातले कुणी "दादीला मोतिया आहे, बघू पुढच्या वर्षी" असे म्हणाले, तर पहिला प्रश्न हा विचारायचा की कोणता मोतिया, आणि तो कुणी तपासून सांगितला? चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असे होत नाही.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. वय वाढते तसे ते गढूळ होत जाते. वय हे मुख्य कारण असले तरी मधुमेह, डोळ्याला लागलेला मार, तंबाखू-बिडी, वर्षानुवर्षे घेतलेली स्टेरॉइडची औषधे आणि कडक ऊन यांनीही ते लवकर घडते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत किंवा कपाशीच्या शेतात आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोळ्यांनी किती ऊन खाल्ले असेल याचा अंदाज करा. टोपी आणि साधा गॉगल ही चैन नाही.

लक्षणे हळूहळू येतात, म्हणून लक्षात येत नाहीत. धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, रंग फिके आणि पिवळट वाटतात, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. काहींना उलट काही दिवस जवळचे चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते. घरात आनंद होतो की अब्बांची नजर सुधारली, पण ती मोतीबिंदूची एक पायरी असते. दुखत मात्र नाही. डोळा दुखतो, लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलटीसारखे वाटते, तेव्हा ते दुसरेच काही असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधील अंधत्वाच्या कारणांत ६६.२ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा निघाला. म्हणजे दर तीन अंध माणसांतली दोन अशी, की ज्यांचा इलाज अर्ध्या तासाचा आहे. भारताने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू केला, सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन त्याअंतर्गत मोफत होते. तरीही माणसे अंधारात बसून का राहतात?

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, पालकांच्या घरी जाणे-येणे असते. आमच्या पाहण्यात मागे राहतात त्या बहुधा घरातल्या म्हाताऱ्या बाया. अब्बांना दुकान पाहायचे असते, हिशेब लिहायचा असतो, त्यामुळे त्यांचा डोळा लवकर दाखवला जातो. दादी-नानीला "उमर हो गई" म्हणून सोडून दिले जाते. त्या स्वतःही बोलत नाहीत. पोरांवर खर्च नको, कुणाची रोजी बुडायला नको, असा विचार करतात. त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारू लागल्या, तांदूळ निवडणे सोडून दिले, चहा कपाबाहेर ओतू लागल्या, तर ते म्हातारपण नाही, तपासणीची वेळ आहे. कमी दिसणारा म्हातारा माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि मग अंथरुण धरतो. डोळ्याचे ऑपरेशन टाळून वाचवलेला पैसा असा दुप्पट जातो.

पिकू द्या, थंडी येऊ द्या

मोतीबिंदू "पिकल्यावर" काढायचा ही समजूत जुनी आहे आणि तिला एके काळी आधार होता. पूर्वी अख्खे भिंग मोठी चीर देऊन काढत, टाके घालत, वर जाड भिंगाचा चष्मा द्यावा लागे. अशा ऑपरेशनपेक्षा थोडे अंधुक दिसणे बरे, म्हणून डॉक्टरही थांबायला सांगत. आता तसे राहिलेले नाही. रोजची कामे अडू लागली की ऑपरेशनची वेळ झाली. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो, आणि कधी फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब अचानक वाढवतो. तेव्हा सफेद मोतियाने सुरू झालेली गोष्ट काल्या मोतियापर्यंत जाते. याउलट बाजूही सांगायला हवी. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, माणूस आरामात वाचतो, गाडी चालवतो, तर घाई करायचे कारण नाही. कुणी पहिल्याच भेटीत उद्याची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

थंडीतच ऑपरेशन करावे हेही तसेच. आजच्या पद्धतीत ऋतूने फरक पडत नाही. उन्हाळ्यात घाम डोळ्यात जाऊ न देणे आणि धूळ टाळणे एवढे पाहावे लागते.

थेंबाने मोतीबिंदू विरघळत नाही. असे सिद्ध झालेले एकही औषध आज नाही, मग ते परदेशी असो, जडीबुटी असो की मध. बाजारात "बिना ऑपरेशन मोतिया साफ" म्हणून विकले जाते त्यावर पैसे घालवू नका, डोळाही घालवू नका.

या इलाजाचा इतिहास मोठा आहे आणि त्यात आपल्या वाचकांना माहीत असावे असे एक नाव आहे. प्राचीन भारतात सुश्रुताच्या परंपरेत सुईने गढूळ भिंग बाजूला सारत. सुमारे हजार वर्षांपूर्वी मोसुलचे अम्मार बिन अली हे नेत्रवैद्य कैरोत काम करत होते. त्यांनी पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात मात्र १९४९ ची, लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी केली. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते सहन केले होते, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी फेको पद्धत आणली, तीच आज शहरांत सर्वत्र चालते.

कुठे करावे, किती खर्च

जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, लोक अजून त्याला "सिव्हिल" म्हणतात. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दोन्हीकडे नेत्ररोग विभाग आहे. खाजगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत जळगावचे कांताई नेत्रालय फक्त डोळ्यांसाठीच आहे, जळगाव-भुसावळ भागात डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्यात जवाहर मेडिकल फाउंडेशनचे एसीपीएम महाविद्यालय आहे. याशिवाय दोन्ही शहरांत खाजगी नेत्रतज्ज्ञ पुष्कळ आहेत. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या पिशवीत असू द्या. योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, कोणत्या रुग्णालयात कोणते ऑपरेशन बसते ते ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच विचारून घ्या, नंतर नाही. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघते, त्याला उत्पन्नाची अट नाही. घरात कुणी सत्तरीपुढे असेल तर ते आधी काढून ठेवा.

गावोगावी शिबिरे होतात, मशिदीच्या मैदानात आणि शाळांमध्येही होतात. चांगली गोष्ट आहे, पण शिबिरात फक्त तपासणी व्हावी आणि ऑपरेशन रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्येच व्हावे. ऑपरेशन कुठे होणार, कोण करणार आणि नंतर त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा, हे तिन्ही कळल्याशिवाय गाडीत बसू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूरला एकाच दिवशी झालेल्या मोफत ऑपरेशनांनंतर जंतुसंसर्ग होऊन अनेकांचे डोळे काढावे लागले होते. असे क्वचित घडते. म्हणून मोफत ऑपरेशन वाईट ठरत नाही, पण प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.

पद्धती मुख्यतः दोन. फेकोमध्ये साधारण दोन ते तीन मिलिमीटरच्या चिरेतून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात आणि घडी होणारी लेन्स आत सोडतात. दुसरी एसआयसीएस, तिच्यात चीर सहा-सात मिलिमीटरची असते, तीही बहुधा टाक्याशिवाय मिटते. सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांच्या रुग्णांत ही दुसरी बरीच केली जाते. तिला "गरिबांचे ऑपरेशन" म्हणून हिणवू नये. फार कडक मोतीबिंदूत तीच जास्त सुरक्षित ठरू शकते. फेकोत डोळा लवकर सावरतो आणि चष्म्याचा तिरका नंबर कमी येतो, एवढा फरक खरा. लोक दोन्हींना "लेझर" म्हणतात, ते बरोबर नाही. लेझरचे वेगळे यंत्र असते, ते महाग असते आणि त्याशिवायही निकाल उत्तम येतो.

लेन्सच्या बाबतीत जास्त गोंधळ होतो. साधी, एका अंतराची लेन्स बसवली की दूरचे स्वच्छ दिसते, वाचायला मात्र चष्मा लागतो. तो लागला म्हणजे ऑपरेशन फसले असे नाही. अनेक अंतरांची लेन्स महाग, चष्मा कमी लागतो, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, आणि डोळ्याचा मागचा पडदा खराब असेल तर तिचा उपयोग होत नाही. तिरका नंबर जास्त असेल तर टोरिक लेन्स सुचवतात. आमचे मत विचाराल तर कर्ज काढून महाग लेन्स घालू नये. लेन्सवरच खर्च ठरतो, आणि तो काही हजारांपासून लाखाच्या घरात जातो. स्वस्त लेन्सही चांगली असते. मदुराईची अरविंद नेत्र रुग्णालयाशी संबंधित ऑरोलॅब १९९२ पासून देशातच लेन्स बनवते आहे, आणि लेन्स सामान्य माणसाच्या आवाक्यात आली त्यात तिचा मोठा हात आहे. कोणतीही घाला, लेन्सचे नाव-नंबर लिहिलेले कार्ड मागून घ्या आणि जपून ठेवा.

ऑपरेशनआधी

रक्तातील साखर, रक्तदाब, बहुधा ईसीजी, अश्रूंचा मार्ग मोकळा आहे का ते पाहणे, आणि डोळ्याची लांबी मोजून लेन्सचा नंबर काढणे, एवढे होते. मधुमेह असेल तर मागच्या पडद्याची तपासणी आग्रहाने करून घ्या. कॅमेऱ्याची काच बदलली आणि आतली फिल्मच खराब असली तर फोटो चांगला कसा येणार? डॉक्टरांना आधीच विचारा, "नजर किती येईल?" हे उत्तर ऐकून घेतले की नंतरची निराशा आणि भांडणे टळतात. साखर फार वाढलेली असेल तर तारीख पुढे जाते, त्यावर रागावू नये. दात किडून पू झालेला, अंगावर गळू, खोकला, हेही सांगा.

दोन औषधांबद्दल विसरू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि लघवीच्या त्रासासाठी, प्रोस्टेटसाठी पुरुष घेतात ती टॅमसुलोसिनची गोळी. तिचा डोळ्याशी काय संबंध, असे वाटते. पण तिने बाहुली सैल पडते आणि ऑपरेशन करणाऱ्याला अडचण येते. आधी माहीत असेल तर ते तयारी ठेवतात.

ऑपरेशनच्या वेळी माणूस जागा असतो. डोळा थेंबाने किंवा बाजूला इंजेक्शन देऊन बधिर करतात. चेहऱ्यावर कापड, उजेड दिसतो, पाणी सोडल्यासारखे वाटते, आवाज ऐकू येतात, कापताना दिसत नाही. पंधरा ते तीस मिनिटे. हलायचे नाही, खोकला आला तर आधी सांगायचे. आपल्या कित्येक बुजुर्गांना मराठी नीट कळत नाही, तडवी आणि अहिराणी बोलणाऱ्या घरांतही तोच प्रश्न. म्हणून "वर बघा, खाली बघा, हलू नका" एवढे आदल्या दिवशी घरी शिकवून ठेवा, आणि संमतीपत्र अंगठा घेण्याआधी त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. बायांना पडद्याची काळजी असेल तर आधीच बोलून ठेवावे, बाई परिचारिका सोबत देता येते. सुरमा, काजळ चार दिवस आधीच बंद.

घरी आल्यावर

बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासतात, ही भेट चुकवायची नाही. काही दिवस खुपल्यासारखे वाटते, पाणी येते, उजेड सहन होत नाही, पांढरे जरा निळसर दिसते. हे ठीक आहे.

खरे काम थेंबांचे. ते साधारण चार ते सहा आठवडे चालतात आणि हळूहळू कमी करत नेतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. साबणाने हात धुवा, खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नका, दोन वेगळ्या औषधांत पाच मिनिटे जाऊ द्या. आम्ही घराघरांत सांगतो की थेंब टाकण्याचे काम सहावी-सातवीतल्या मुलीवर किंवा मुलावर द्या, वेळ कागदावर लिहून भिंतीला लावा. मुले ते घड्याळासारखे करतात. थेंबाच्या जागी गुलाबजल, मध, आबे-जमजम, काहीही डोळ्यात घालायचे नाही. पाणी पवित्र असले तरी ते निर्जंतुक केलेले औषध नव्हे, ते प्यावे.

वुजू आणि नमाजचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते, साधारण दोन आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तोपर्यंत. तोंडावर पाण्याचे हबके मारायचे नाहीत, ओल्या कपड्याने डोळा सोडून चेहरा पुसायचा. डोके खाली जाईल असे वाकणे सुरुवातीचे दिवस बहुतेक डॉक्टर टाळायला सांगतात, म्हणजे सजदा आला. आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत शरीअतने दिलेलीच आहे. खुर्चीवर बसून पढा. वुजूत मसह की तयम्मुम, हे आपल्या मस्जिदीच्या आलिमांना विचारा, आणि विचारताना डॉक्टरांनी नेमके काय मना केले आहे तेही सांगा. रमजानमध्ये थेंब आले तर? हनफी मसलकात डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही, मग चव घशाला लागली तरी. रोजा आहे म्हणून थेंब सोडणे ही सर्वांत धोक्याची गोष्ट. हज किंवा उमऱ्याला जायचे असेल तर ऑपरेशन निदान दीड-दोन महिने आधी उरका, गर्दी आणि धूळ ताज्या डोळ्याला सोसत नाही.

डोळा चोळायचा नाही. झोपताना प्लास्टिकची ढाल आठवडाभर लावायची, कारण झोपेत हात जातोच. लहान नातवंडे मांडीवर घेताना जपावे, त्यांचे बोट नेमके तिथेच लागते. पाण्याचा हंडा, धान्याचे पोते दोन ते चार आठवडे उचलायचे नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर लावल्याने डोळ्यावर ताण येतो. चुलीचा धूर आणि फोडणीची वाफ टाळा, म्हणजे सुनेने काही दिवस स्वयंपाकघर सांभाळावे. नकाब लावणाऱ्या बायांनी कापड रोज धुतलेले ठेवावे आणि त्याची कडा डोळ्याला घासत नाही हे पाहावे. टीव्ही पाहणे, वाचणे, मोबाइल, यांनी डोळा बिघडत नाही. जेवणाचे पथ्यही काही नाही, मटण-अंडी बंद करायचे कारण नाही, फक्त मधुमेह असेल तर साखर सांभाळा.

कामावर कधी जायचे? दुकानात बसणारा माणूस आठवड्यात बसू शकतो. धुळ्यातल्या यंत्रमागावर काम करणाऱ्याचे तसे नाही, तिथे हवेत कापसाचे तंतू उडतात. शेतातल्या मजुराचेही तसेच. अशांनी महिनाभर तरी थांबावे, आणि मालकांनी एवढी सुट्टी द्यावी, ही आमची विनंती. मोटारसायकल डॉक्टरांनी "चालवा" म्हटल्यावरच.

आता ज्या खुणा दिसताच त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचे त्या. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे. आलेली नजर पुन्हा कमी होणे. लाली वाढणे, पापणी सुजणे, पू येणे. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होणे, एकदम खूप काळे ठिपके किंवा पडदा येणे. आतला जंतुसंसर्ग हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो आणि बहुधा पहिल्या आठवड्यात होतो. त्यात तास मोजावे लागतात. मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून "सकाळी पाहू" म्हणणे म्हणजे डोळा गमावणे. यावल-चोपड्याच्या वस्त्यांतून रात्री गाडी मिळत नाही हे आम्ही जाणतो, म्हणून पहिले आठ दिवस शक्य असेल तर शहरात नातेवाइकांकडे राहावे.

चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्याने काढतात, डोळा स्थिर झाल्यावर. त्याआधी चष्मा करून पैसे वाया घालवू नका. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन सहसा काही आठवड्यांनी, पहिला नीट बरा झाल्यावर. काढलेला मोतीबिंदू पुन्हा होत नाही. पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागची झिल्ली गढूळ होऊन परत अंधुक दिसू शकते. तिथे मात्र खरोखर लेझर लागतो, याग नावाचा. काही मिनिटांचे काम, चीर नाही, भरती नाही. मधुमेहींनी ऑपरेशन झाले तरी दरवर्षी मागचा पडदा तपासत राहायचा, कारण तो आजार मोतीबिंदूबरोबर निघून जात नाही.